डेल्मर ह्रुस्काची बोटं

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्या क्लबाने डेल्मर ह्रुस्काच्या नावाची पाटी लावली. रायफली धुवायचं जे लांब लाकडी टेबल आहे, त्याच्या वर, पत्र्याच्या छपराखाली. ‘याने आम्हाला पितळ शिकवलं’ असं तीवर कोरलंय. स्क्रू मीच पिळले, कारण डेल्मरचा सगळ्यात जवळचा मित्र मी, असं सगळे धरून चालतात. सगळ्यांनी हॅट काढल्या, मीही काढली. तेव्हा स्वतःची जेवढी शिसारी आली तेवढी आयुष्यात कधी आली नव्हती, आणि ती का आली हे सांगायचं तर डेल्मर कोण होता इथूनच सुरुवात करावी लागेल.

तो साखर कारखान्यात बॉयलरवर होता, एकतीस वर्षं. नेब्रास्काच्या या पश्चिम टोकाला बीट पिकतं, आणि हंगाम लागला की चार महिने अख्ख्या गावाच्या कपड्यांना बिटाचा उग्र वास येतो. डेल्मरच्या कपड्यांचा तो निवृत्तीनंतरही गेला नाही. बुटका, आखूड मानेचा, तोंडाने फटकळ माणूस. बायको अर्मा लवकर गेली, मूलबाळ नाही. बावन्नाव्या वर्षी तो आमच्या क्लबात आला आणि मग त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

क्लब म्हणजे नदीपलीकडची जुनी खडीची खाण. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही साठी उलटलेले वीस-पंचवीस बाप्ये-बाया आजोबा-पणजोबांच्या काळातले कपडे घालून तिथे जमतो आणि त्याच काळच्या घडणीच्या रायफलींनी पोलादी पत्र्यांवर नेम धरतो, घड्याळ लावून. प्रत्येकाने एक खोटं नाव घ्यायचं. ते वहीत चढतं आणि मग दुसऱ्या कुणाला घेता येत नाही. डेल्मरचं नाव होतं डीकन. डीकन म्हणजे चर्चचा धर्मसेवक, आणि अर्माच्या अंत्यविधीनंतर तो चर्चची पायरी चढला नव्हता, म्हणून त्याला हे नाव आम्हीच चिकटवलं.

क्लबातले बहुतेक लोक काडतुसात हल्लीची बिनधुराची दारू भरतात. काळी दारू वापरणारे आम्ही सातजण. पहिला बार काढला की धुराने समोरचं काही दिसत नाही, आणि नेमबाजी संपल्यावर बाकीचे बिअर उघडतात तेव्हा आम्ही गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन रायफली धूत बसतो. काळ्या दारूची मळी त्याच दिवशी धुतली नाही तर दुसऱ्या दिवशी लोखंड खायला लागते. ‘धोबीघाट उघडला,’ असं बाकीचे जाता जाता म्हणायचे. डेल्मर म्हणायचा, “तुम्ही अंघोळ कधी केली होती ते आठवा आधी.”

आता पितळेचं सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. काडतुसाची पितळी पुंगळी रायफलीच्या कोठीत बसते. बार उडाला की पुंगळीचं तोंड फुगून कोठीच्या भिंतीला घट्ट चिकटायला हवं, म्हणजे सगळा धूर पुढे नळीतून जातो. जुन्या चव्वेचाळीस मापाच्या रायफलीच्या पुंगळीचं तोंड कागदासारखं पातळ, ती लगेच फुगते. पंचेचाळीसची जाड. ती फुगतच नाही, आणि धूर बाजूने मागे येऊन रायफलीच्या पोटात शिरतो. वीस बारांनंतर काडतूस चढवायचा लिव्हर जड होतो, चाळीसनंतर गंजलेल्या फाटकासारखा कुरकुरतो. यावर एकच उपाय. पुंगळीचं तोंड आगीवर तावून मऊ करायचं. पण फक्त तोंड. बूड कडकच राहिलं पाहिजे, कारण सगळा जोर बुडावर येतो. मऊ बुडाची पुंगळी कोठीत फुटली तर आग थेट माणसाच्या तोंडावर येते.

लोक यासाठी यंत्रं विकत घेतात. डेल्मरकडे यंत्र म्हणजे त्याची बोटं. बूड डाव्या हाताच्या चिमटीत धरायचं, तोंड गॅसच्या ज्योतीत फिरवायचं आणि चटका असह्य झाला की पाण्याच्या बादलीत टाकायचं. बोटांना सोसवतंय तोवर बुडाला काही होत नाही, इतकं साधं. “डोळे फसवतात,” तो म्हणायचा. “उजेड जास्त असला की तापलेलं पितळ थंड दिसतं. बोट काय फसवणार? बोट बोंबलतं.” त्याच्या बोटांची टोकं चामड्यासारखी झाली होती. एका दुपारी तो दोनशे पुंगळ्या करायचा आणि बिस्किटाच्या डब्यांत भरून वाटून टाकायचा. घ्यायचा काही नाही. मी एकदा व्हिस्की नेली तर तीन दिवस बोलला नाही.

त्याची स्वतःची रायफल चव्वेचाळीस होती, त्याला या खटाटोपाची गरजच नव्हती. तो यात पडला आर्डिस नेलिगनसाठी. आर्डिसने तीस वर्षं टपाल खिडकीवर काढलेली. सडपातळ, नीटनेटकी, हिशेबी बाई. वजनकाट्याची सवय इतकी की दारूचं माप ती दोनदा बघायची आणि मग पुन्हा एकदा. तिची रायफल पंचेचाळीस, नवऱ्याने लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला दिलेली. त्या रायफलीचं पोट दर वेळी काजळीने भरायचं, पण रायफल बदल म्हटलं की ती हसून विषय बदलायची. नवरा वेंडेल शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा, नेमबाजीत यथातथाच, पण वेळ घ्यायला त्याच्याइतका चोख कुणी नव्हता.

धुवायच्या टेबलावरची एक दुपार मला आठवते. डेल्मर एक पुंगळी उन्हात धरून फिरवत होता.

“ही कुणाची?”

“माझ्या बायकोची,” वेंडेल म्हणाला. “का, आजारी आहे?”

“बायको नाही, पुंगळी. ही बघ, काजळी पार बुडापर्यंत उतरलीय. हिचं तोंडच बंद होत नाही.”

“ते तर बायकोचंही होत नाही.”

आर्डिसने ओलं फडकं त्याच्या मानेवर हाणलं. “वेंडेल, आज तुझी रायफल तू धू. आणि जेवायलाही तूच घाल स्वतःला.”

“बघ डीकन, एका पुंगळीपायी संसार मोडला.”

“डबा दे इकडे,” डेल्मर आर्डिसला म्हणाला. “पुढच्या महिन्यापर्यंत तुझ्या पुंगळ्या चव्वेचाळीसवाल्यांना लाजवतील. नवऱ्याचं मात्र माझ्याच्याने काही होणार नाही.”

आणि तसंच झालं. त्यानंतर सहा वर्षं आर्डिसची रायफल आमच्यात सगळ्यात स्वच्छ. बाजूची झाकणं उघडली की आत नुसती चरबीच्या वंगणाची चमक. तिच्या पुंगळ्या वर्षातून दोनदा डेल्मरकडे जायच्या आणि तावून परत यायच्या. ती त्याला दर वेळी दालचिनीचे रोल करून पाठवायची, चिलीबरोबर, म्हणजे मांस-राजम्याच्या तिखट रश्श्याबरोबर खायला. तेवढं तो घ्यायचा.

डेल्मरला साखरेचा आजार होता हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तो त्यावर थट्टा करायचा, की कारखान्याने पगाराचा राहिलेला भाग रक्तात भरून दिलाय. पण एका हिवाळ्यात त्याच्या डाव्या तर्जनीला भाजल्याची जखम झाली आणि ती बरी होईना. डॉक्टरने शेवटी पेरभर बोट काढून टाकलं आणि बजावलं, की पुन्हा भाजलास तर हात जाईल. हे मला खूप नंतर कळलं. आम्हाला त्याने सांगितलं, गाडीच्या दारात बोट सापडलं. आम्ही हसलो, दोन दिवस त्याला चिडवलं आणि विसरून गेलो. वसंतात त्याने नेहमीसारखे डबे वाटले. त्यातला एक आर्डिसचा होता.

मेमधली नेमबाजी. वारा पश्चिमेकडून जोराचा, धूर ठरत नव्हता. आर्डिस उभी राहिली, उजव्या खांद्याशी वेंडेल घड्याळ घेऊन. तीन बार नीट गेले. चौथ्याचा आवाज वेगळा आला, फुटक्या मडक्यासारखा. रायफलीच्या पोटातून वर आगीचा लोळ आला आणि बाजूचं झाकण फुगून वाकलं. आर्डिसने रायफल टाकली नाही. शिस्तीने टेबलावर ठेवली, तोंड पत्र्यांकडे करून, आणि मग वळून बघितलं. वेंडेल गुडघ्यांवर बसला होता. चष्मा डोळ्यांवर होता, पण पितळेचा कपचा गालावरून चष्म्याच्या खालून आत गेला होता. उजवा डोळा गेला.

क्लबाचा अध्यक्ष गेलन बॉक. ट्रॅक्टरचं दुकान आहे त्याचं, आणि प्रत्येक गोष्टीचा कागद करायची हौस. त्याने तिथल्या तिथे आर्डिसच्या उरलेल्या काडतुसांमधून शिसं उपटून दारू बघितली. सगळी काळी. मोकळ्या पुंगळ्या त्याने डेल्मरच्या हातात दिल्या, कारण पितळेतलं त्यालाच कळतं. डेल्मरने त्या खिशात टाकल्या.

दहा दिवसांनी अग्निशमन केंद्राच्या खोलीत चौकशी झाली. पाचजणांची समिती, त्यात मी. वेंडेल मागच्या खुर्चीत, अर्धं तोंड पट्टीत. आर्डिस समोर हात मांडीवर ठेवून बसली होती.

“घरी तळघरात तुम्ही काडतुसं भरता, त्याच टेबलावर वेंडेलची हरणाच्या शिकारीच्या बंदुकीची काडतुसं भरली जातात, बरोबर?” गेलनने विचारलं.

“बरोबर.”

“म्हणजे बिनधुराची दारू तिथेच असते. काळीच्या मापाने ती भरली तर जोर कितीतरी पट होतो.”

“असते. पण मी तिला हात लावत नाही. मी काळीच भरली. गेलन, काळ्या दारूचा दाणा डोळे मिटूनसुद्धा कळतो. तिचा वासच वेगळा.”

“पन्नासात एका पुंगळीत चुकून गेली तर?”

“नाही गेली.”

कुणीतरी विचारलं, की पुंगळीच कमजोर असली तर. सगळ्यांनी डेल्मरकडे बघितलं. तो उठला. डावा हात कोटाच्या खिशात होता. उजवा त्याने वर केला, बोटं पसरून. बोटांची टोकं तपकिरी, चिरा पडलेली.

“मी पुंगळी कशी तावतो हे इथल्या प्रत्येकाने बघितलंय,” तो म्हणाला. “बूड माझ्या बोटांत असतं. बूड मऊ व्हायचं तर आधी माझ्या बोटांचा कोळसा व्हायला हवा. ही घ्या बोटं, बघा.”

बघायचं काय उरलं होतं? वीस वर्षं जे बघत आलो तेच. चिमटी डाव्या हाताची असते, हे तेव्हा एकाच्याही डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. गेलनने मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग मागून वेंडेल बोलला, अगदी हळू. “मी तिला कितीदा सांगितलं होतं, दारूचे दोन्ही डबे एका फळीवर ठेवू नकोस.”

आर्डिसने मागे वळून त्याच्याकडे बघितलं. समितीच्या निकालाचा तिला धक्का बसला नसेल, त्या वाक्याचा बसला. आम्ही पाचांनी हात वर केले आणि तिचं नाव वहीतून काढलं. बिनधुराची दारू काळीच्या नावाखाली भरणं म्हणजे आम्हा काळीवाल्यांत फसवणूक, चुकून झालं तरी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती देणाऱ्यांत माझाही हात होता.

गाव लहान. किराणा दुकानात आर्डिस समोरून आली की बायका डब्यांवरची किंमत वाचायला लागायच्या. ज्या बाईने तीस वर्षं प्रत्येकाचं पत्र बिनचूक पोचवलं, तिला आता लोक ‘दोन डबेवाली’ म्हणू लागले. सहा महिन्यांत दोघांनी घर विकलं आणि पूर्वेला कर्नीकडे, तिच्या बहिणीच्या गावी राहायला गेले. अडीचशे मैलांवर. आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. डेल्मरने त्यांच्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, आणि मी मूर्ख, मला वाटलं त्याला दुःख झालंय.

पुढच्या फेब्रुवारीत त्याच्या आणखी एका बोटावर शस्त्रक्रिया झाली. दवाखान्यातून त्याचा फोन आला. “मर्ल, घरी जाऊन नळ थोडा सोडून ये. पाइप गोठून फुटतील.” नळ सोडला आणि गॅरेजमधलाही बघावा म्हणून गेलो. टेबलावर गॅसची बत्ती, बादली आणि एक पकड. पकडीचे जबडे आगीने निळे-तपकिरी झालेले. बाजूला ताटात चाळीसएक पुंगळ्या. तावलेल्या पितळेवर रंगाचा पट्टा उमटतो, तो तोंडाशीच थांबायला हवा. यांच्यावर तो पार बुडापर्यंत गेला होता. खिडकीतून दुपारचं ऊन सरळ टेबलावर येत होतं. त्या उजेडात तापलेलं पितळ त्याला थंडच दिसलं असणार, आणि बोंबलायला बोट नव्हतं.

मी एक पुंगळी पकडीत बुडाजवळ धरून दाबली. चांगली पुंगळी दाबली की परत उसळते. ही रिकाम्या शाम्पूच्या बाटलीसारखी चेपली आणि तशीच राहिली. दुसरी चेपली. तिसरीही. शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात, मी तरी नऊ-दहा पुंगळ्या चेपल्या, एखादी तरी उसळेल या आशेवर.

दवाखान्यात गेलो तेव्हा तो उशीला टेकून बसला होता, समोर बेचव सूप. चेपलेली पुंगळी मी ट्रेवर ठेवली. त्याने ती बघितली आणि चमचा खाली ठेवला.

“नळ सोडलास?” त्याने विचारलं.

“कधीपासून पकड वापरतोस?”

“बोट गेलं तेव्हापासून.”

“आणि आर्डिसचा डबा?”

“गेलनने तिच्या मोकळ्या पुंगळ्या मला दिल्या होत्या ना, त्या त्याच संध्याकाळी मी घरी जाऊन चेपून बघितल्या.”

मला वाटलं होतं तो म्हणेल, मला कल्पना नव्हती. ते ऐकायची माझी तयारी होती, त्याला जवळ घेऊन रडायचीसुद्धा तयारी होती. याची नव्हती.

“म्हणजे चौकशीत उभा राहिलास तेव्हा तुला ठाऊक होतं.”

“होतं.”

“मग बोटं का दाखवलीस, डेल्मर? गप्प तरी बसायचंस.”

“दुसरं काय होतं माझ्याकडे?” तो म्हणाला. “बायको नाही, पोर नाही. कारखान्यात माझं नावही कुणाला आठवत नाही. हात दाखवला की वीस माणसं मान डोलावतात, तेवढंच होतं.”

“आणि ती?”

“तिच्याकडे वेंडेल आहे.” आणि मग, “मी गेल्यावर सांग. फार दिवस नाहीत. तोवर नको, मर्ल. हात जोडतो तुला.”

त्याला नीट हातही जोडता येत नव्हते. एका हाताला बँडेज होतं.

माझी पत्नी गेली तेव्हा हा माणूस महिनाभर रोज संध्याकाळी येऊन माझ्या स्वयंपाकघरात बसत होता, अंडी तळून देत होता, एक शब्द न बोलता. तेच मला आठवलं. मी हो म्हणालो. खाल्ल्या मिठाला जागलो असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे आर्डिसच्या विरुद्ध वर केलेला हात मलाही खाली घ्यायचा नव्हता.

एक काम मात्र केलं. डेल्मरने वाटलेले डबे घरोघरी जाऊन गोळा केले. “लॉट जुना झालाय, डीकन नवा देणार आहे,” असं सांगत. कुणी शंका घेतली नाही. सगळं पितळ भंगारात घातलं. आणखी कुणाचा डोळा जाऊ नये म्हणून, हे खरं. पण त्याबरोबर आर्डिसच्या बाजूचा सगळा पुरावाही गेला, हेही खरं, आणि डबे उचलताना मला ते कळत होतं. नंतर तोंडात मूग धरून बसलो. डेल्मर माझ्याशी त्याबद्दल कधी बोलला नाही. मी त्याला दर रविवारी सूप नेऊन द्यायचो. मैत्री कसली ती, आम्ही एकमेकांवर पहारा ठेवत होतो.

तो चौदा महिने जगला. या एप्रिलमध्ये गेला. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी मी गेलनच्या दुकानात जाऊन सगळं सांगितलं. त्याने दार लावून घेतलं.

“पुंगळी आहे का एखादी?”

“नाही.”

“मग हे तू सांगतोस तेवढंच.” तो खुर्चीत मागे टेकला. “मर्ल, विम्याचा कागद बंद झालाय. खाणीचा परवाना जुलैत नवा करायचाय. ती दोघं गेली गाव सोडून. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि तो गेला बिचारा, आता त्याची माती कशाला उकरतोस?”

“तिचं नाव परत वहीत घाल.”

“कोणत्या कारणाने घालू? पाटीचं ठरलंय बघ शनिवारी. तू लावशील ना?”

लावली मी. आधीच सांगितलंय. लावून घरी आलो, आणि सोमवारी सकाळी गाडी काढून कर्नीला गेलो. पत्ता आमच्याच गावच्या टपाल कचेरीतल्या मुलीने दिला होता. आर्डिसचं नाव घेतल्यावर ती म्हणाली, “इथे अजून तिनेच लावलेल्या क्रमाने टपालाचे खोके आहेत.”

लहानसं पांढरं घर. आर्डिसने दार उघडलं, मला ओळखायला तिला क्षणही लागला नाही. ती वाळली होती. कपडे तसेच नीटनेटके. “ये मर्ल,” म्हणाली, आणि स्वयंपाकघरात नेऊन कॉफी ओतली. मी पेल्याला हात न लावता सगळं सांगितलं. पकड, रंगाचा पट्टा, चेपलेल्या पुंगळ्या, दवाखाना, गोळा केलेले डबे. काही लपवलं नाही. ती मध्ये एकदाच बोलली.

“ताटातल्या किती मऊ होत्या?”

“मी बघितल्या त्या सगळ्या.”

“म्हणजे मी दारू बरोबरच भरली होती.”

“हो. तू बरोबरच भरली होतीस, आर्डिस.”

तिने मान हलवली. खिडकीच्या फळीवर काचेच्या डोळ्याची डबी होती आणि तो धुवायचा छोटा पेला. मी विचारलं, “वेंडेल कुठाय? त्यालाही सांगायचंय. त्याच्यासमोर सांगायला हवं.”

“वेंडेल नोव्हेंबरात गेला,” ती म्हणाली. “हृदय. तुमच्यापैकी कुणाला कळवलं नाही मी.”

मी पुन्हा त्या डबीकडे बघितलं.

“मी रोज सकाळी त्याचा डोळा काढून धुवायची,” ती म्हणाली. “आणि तो रोज म्हणायचा, जाऊ दे आर्डिस, मी तुला माफ केलंय. रागाने नाही हं, प्रेमाने. आधी मी सांगायची, की वेंडेल, मी नाही चुकले. मग त्याला वाईट वाटायचं, की ही अजून कबूल करत नाही. वर्षभर सांगितलं. नंतर गप्प राहायला लागले. शेवटी दवाखान्यात त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, एकदा खरं सांग, म्हणजे माझ्या मनात काही राहणार नाही. तर मी सांगितलं त्याला. म्हटलं, हो, डबे बदलले माझ्या हातून. तो हसला. त्याला बरं वाटलं.”

ती उठली, माझा गार झालेला पेला उचलून मोरीत ओतला आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली.

“तुला कधी कळलं म्हणालास?”

“मागच्या वर्षी. फेब्रुवारीत.”

“तेव्हा वेंडेल जिवंत होता.”

मी हो म्हणालो.